सण सरल्यावर वस्तू जाते कोठे?

सणाची तयारी कशी करावी, हे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या शिकविले जात आले आहे. सण संपल्यावर काय उरते, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. गणेशोत्सव असो वा दिवाळी, सण सरला की दोन-तीन दिवसांत गल्लोगल्लीच्या कचराकुंड्या भरून वाहू लागतात. चकचकीत कागदाचे बोळे, मिठाईची रिकामी खोकी, मखरांचे मोडके तुकडे आणि एकाच मोसमात विझून गेलेल्या विजेच्या माळा, असा तो सारा ऐवज असतो. आदल्या आठवड्यात ज्या वस्तूंवर घराने हौसेने पैसे वेचले, त्याच उचलून नेण्यासाठी आता नगरपालिकेला पैसे वेचावे लागतात. एकाच वस्तूपायी असा दोनदा खर्च होतो आणि आनंद मात्र एकदाच, तोही घटकाभराचा, मिळतो.

जुन्या घरांत अशी स्थिती सहसा येत नसे. सणासाठी घरात आलेल्या प्रत्येक वस्तूची पुढची वाट आधीच ठरलेली असे. अशा वाटा मुख्यतः चार होत्या. लाडू, करंज्या, नारळ, फळफळावळ पोटात जात. धोतरजोडी, लुगडे, खण अंगावर जात. आंब्याचे डहाळे, झेंडूची फुले, केळीचे खुंट मातीत जात. समया, ताम्हने, पाट, चौरंग आणि जरीची आसने धुऊन-पुसून पुन्हा फडताळात जात. पाचवी वाट उकिरड्याची. तिच्याकडे जाण्यासारखे फारसे काही उरतच नसे.

ही व्यवस्था काही पर्यावरणाच्या चिंतेतून निर्माण झाली नव्हती. पैसा मोजका होता, बाजार दूर होता आणि टाकून देण्यासाठी म्हणून एखादी वस्तू विकत घ्यावी, ही कल्पनाच त्या काळच्या संसारास परवडणारी नव्हती. तथापि गरजेपोटी लागलेली ही सवय आज विचारपूर्वक पुन्हा अंगी बाणविण्याजोगी आहे. भेटवस्तू घेताना, ती गुंडाळताना आणि घर सजविताना गृहिणीने एकच प्रश्न स्वतःस विचारावा: सण सरल्यावर ही वस्तू जाणार कोठे? चारांपैकी एखादी वाट दिसत असेल तर ती खुशाल घ्यावी. दिसत नसेल तर दुकानातच ठेवावी.

या कसोटीवर सर्वांत आधी नापास होणारा पदार्थ म्हणजे थर्माकोल. थर्माकोल म्हणजे फुगविलेले पॉलिस्टायरीन होय. त्याच्या आकारमानात सुमारे ९८ टक्के नुसती हवा असते. म्हणूनच तो हलका आणि स्वस्त असतो व सुरीने मनाजोगता कोरता येतो. परंतु नेमक्या याच गुणामुळे भंगारवालाही त्यास हात लावीत नाही. पोते भरून नेले तरी वजन नगण्यच भरावयाचे, मग गाडीभाडे सुटावे कसे? मातीत तो कुजत नाही. त्याचे बारीक दाणे सुटतात, वाऱ्याने व पाण्याने नाल्यांत जातात आणि तेथून नदीत व समुद्रात पोहोचतात. केंद्र सरकारच्या नियमांनुसार १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकवार वापराच्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांत सजावटीचा थर्माकोल स्पष्टपणे नमूद केलेला आहे. मिठाईच्या खोक्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळली जाणारी प्लॅस्टिकची पन्नीही त्याच यादीत आहे. म्हणजे ज्या दोन वस्तू सणाच्या दिवसांत सर्वाधिक हाती येतात, त्या दोहोंचाही वापर आता केवळ गैरसोयीचा राहिला नसून नियमबाह्य ठरला आहे.

मग सजावट करावी तरी कशाची? याचे एक सुंदर उत्तर गोमंतकाने फार पूर्वीपासून देऊन ठेवले आहे. चतुर्थीच्या सणात गोव्यातील घराघरांत गणपतीच्या मूर्तीवर जी माटोळी बांधली जाते, ती या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. छताला लाकडी पट्ट्यांची किंवा बांबूची चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचे घड, काकड्या, चिबूड, महाळुंग अशी फळे बांधतात. त्यांच्या जोडीला रानातला मेवा असतोच. कवंडळाची तांबडी फळे, वाजणाऱ्या शेंगांच्या घागऱ्या, शेरवडाची पांढरी पाने असे कितीतरी प्रकार त्या छताखाली एकत्र नांदतात. बांधण्यासाठी केवणीच्या सालीची दोरी वापरण्याची चाल आहे. विसर्जनानंतर खाण्याजोगे ते स्वयंपाकघरात जाते, उरलेले मातीत जाते आणि चौकट पुढच्या वर्षासाठी माळ्यावर जाते. शिवाय घरातील मुलांना भाद्रपदात रानात काय पिकते, कोणते फळ खावे आणि कोणते केवळ पाहावे, याचे ज्ञान बसल्याजागी होते, हा लाभ वेगळाच.

हैदराबादेतील मराठी कुटुंबांच्या शेजारी असाच एक सण दरवर्षी साजरा होतो. पितृपक्षाच्या अमावास्येपासून नऊ दिवस तेलंगणातील स्त्रिया बतुकम्मा मांडतात. ताटात फुलांचे थर एकावर एक रचून निमुळता मनोरा उभा करावयाचा, त्याभोवती फेर धरावयाचा आणि शेवटी तो तळ्यात सोडावयाचा, असा हा उत्सव आहे. २०१४ मध्ये त्यास राज्योत्सवाचा मान मिळाला. त्या मनोऱ्यात मुख्यत्वे वापरली जाणारी फुले म्हणजे तंगेडू आणि गुनुगू. मराठी माणसास ती परकी नाहीत. आपल्याकडे त्यांनाच अनुक्रमे तरवड आणि कुर्डू म्हणतात. माळरानावर आणि शेताच्या बांधावर आपोआप उगवणारी, बाजारात ज्यांना फारशी किंमत नाही अशी ही फुले. शोभा आणि किंमत यांचा संबंध आपण समजतो तितका निकट नसतो, हे ती दाखवून देतात.

तथापि निसर्गातून आणलेली वस्तू म्हणजे निर्दोषच, असे मानणेही बरोबर नव्हे. माटोळीत अधिकाधिक दुर्मिळ जिन्नस बांधण्याची चढाओढ सुरू झाली, म्हणजे एका फळासाठी आख्खी वेल ओढून काढली जाते आणि पुढच्या वर्षी ती वेल त्या जागी नसते. दसऱ्याच्या आपट्याचीही तीच कथा आहे. एक पान देऊन सोने दिल्याचा आनंद मानावा, ही मूळची कल्पना किती सुटसुटीत! पण आज बाजारात पानांऐवजी फांद्यांचे भारे येतात, झाडे ओरबाडली जातात आणि सायंकाळी तेच सोने पायदळी तुडविले जाते. त्यातही पुष्कळदा आपटा म्हणून कांचनाच्याच फांद्या विकल्या जातात. एका माणसास एक पान पुरे, हा जुना नेम पाळला तर झाडही वाचेल आणि सोन्याची किंमतही राहील. निर्माल्याविषयीही असेच म्हणता येईल. फुले कुजणारी असली तरी ती ढिगांनी साचलेल्या पाण्यात टाकली, तर ती कुजविणारे जीवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात आणि माशांचा श्वास कोंडतो. फुलांची योग्य वाट मातीत आहे. अंगणातील खड्ड्यात किंवा भोके पाडलेल्या जुन्या डब्यात सुकी पाने व थोडी माती घालून निर्माल्य जिरविले, तर काही महिन्यांत तुळशीवृंदावनापुरते खत घरीच तयार होते. झेंडूच्या वाळलेल्या माळेतील बी राखून ठेवले, तर पुढील दसऱ्याचे तोरणही अंगणातच उगवते.

दिवाळीच्या सजावटीत आकाशकंदिलाचा मान पहिला. तो घरी करणे मुळीच अवघड नाही. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्याव्यात. पाच कामट्यांची एक, अशा दोन पंचकोनी चांदण्या दोऱ्याने बांधाव्यात. त्या एकमेकींवर ठेवून पाचही टोके घट्ट बांधावीत आणि मधल्या भागात, कामट्या जेथे एकमेकींस छेदतात तेथे, पाच आखूड काड्या आडव्या बसवाव्यात. म्हणजे चांदणीला पोट येते. त्यावर पतंगाचा कागद गव्हाच्या पिठाच्या खळीने चिकटवावा आणि खाली झिरमिळ्या सोडाव्यात. बडोद्यासारख्या शहरात, जेथे उत्तरायणाला आकाश पतंगांनी भरून जाते, तेथे फाटलेल्या पतंगांच्या काड्या व शिल्लक राहिलेला कागद जपून ठेवला तर पुष्कळशी सामग्री घरातच मिळते. दिवा मात्र आत एल.ई.डी.चाच लावावा. तो फारसा तापत नसल्याने कागदास धोका कमी असतो आणि विजेचा खर्चही थोडा येतो. दिवाळी झाली म्हणजे कागद ओला करून सोलून काढावा आणि सांगाडा माळ्यावर टांगून ठेवावा. दुसऱ्या वर्षी केवळ कागद बदलावयाचा. एकदा नीट बांधलेला सांगाडा अनेक दिवाळ्या सहज टिकतो.

पणत्यांचेही तसेच आहे. नवी पणती आधी पाण्यात भिजवून ठेवली म्हणजे ती तेल पीत नाही. वापरलेल्या पणत्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजविल्या, तर त्यांचा चिकटपणा निघून जातो व त्या पुन्हा उपयोगी पडतात. फुटलेल्या पणतीची खापरी कुंडीच्या तळाच्या भोकावर ठेवता येते. रांगोळी, मग ती दगडाच्या पुडीची असो वा तांदळाच्या पिठाची, शेवटी मातीतच मिसळते. तिच्यात प्लॅस्टिकची चमकी मात्र मिसळू नये. चमकीचे ते कण इतके सूक्ष्म असतात की झाडून वेगळे करता येत नाहीत आणि सड्याच्या पाण्याबरोबर थेट गटारात जातात. याच कारणास्तव युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीस प्रतिबंध केला आहे.

सजावटीनंतर प्रश्न येतो तो वेष्टनाचा. भेट गुंडाळण्यासाठी खास कागद विकत आणण्याची रीत आपल्याकडे तशी अलीकडची. बेळगाव भागात आजही सुवासिनीची ओटी भरताना खण, नारळ आणि तांदूळ थेट पदरात घातले जातात. तेथे पदर हेच वेष्टन असते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागदपत्रेदेखील चौकोनी फडक्यांत बांधून ठेवलेली आहेत आणि त्या गाठोड्यांना ‘रुमाल’ असेच नाव आहे. जपानमध्ये अशाच बांधणीच्या फडक्यास ‘फुरोशिकी’ म्हणतात. प्लॅस्टिकच्या पिशव्यांमुळे मागे पडलेल्या या चालीस उत्तेजन मिळावे म्हणून २००६ मध्ये त्या देशाच्या तत्कालीन पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी, टाकाऊ बाटल्यांपासून काढलेल्या धाग्याचे एक फुरोशिकी मुद्दाम तयार करवून लोकांपुढे ठेवले होते. आपल्या घरांतील जुन्या साड्या, ओढण्या व शिंप्याकडून उरलेली चिंधी हीच या कामाची सामग्री होय. चौकोनी फडक्याच्या मध्यावर वस्तू तिरकी ठेवावी, दोन समोरासमोरची टोके वस्तूवर दुमडावीत आणि उरलेल्या दोन टोकांची वर गाठ मारावी. एवढ्याने उत्तम वेष्टन तयार होते, आणि गाठ सोडली की फडके पुन्हा मोकळे होते.

येथे एक सावधगिरी हवी. वेष्टनासाठी किंवा भेटीदाखल नव्या कापडी पिशव्या विकत घेऊन वाटणे म्हणजे काटकसर नव्हे. कापूस पिकविण्यास पाणी व खत लागते आणि सूत काढण्यास व विणण्यास इंधन लागते. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, हवामानावरील परिणामाच्या दृष्टीने एकदाच वापरलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीची बरोबरी करण्यास कापसाची पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. घरात आधीच दहा पिशव्या खुंटीला टांगलेल्या असताना अकराव्या पिशवीचे पुण्य फार थोडे. घरात असलेले कापड वापरणे ही खरी काटकसर होय.

कागदच वापरावयाचा असेल तर तो आधी मुठीत घट्ट चुरगळून पाहावा. चुरगळलेलाच राहिला तर तो बहुधा खरा कागद असतो. आपोआप उलगडू लागला तर त्यावर प्लॅस्टिकचा थर आहे असे समजावे. असा कागद ना रद्दीत जातो, ना मातीत. वर्तमानपत्राचा कागद पुस्तक किंवा कापड गुंडाळण्यास अगदी योग्य आहे. चिकटपट्टीऐवजी सुती दोरा आणि त्यात खोवलेले एखादे फूल एवढ्यानेही तो शोभून दिसतो. त्यात खाद्यपदार्थ मात्र गुंडाळू नयेत. छपाईच्या शाईतील द्रव्ये अन्नात उतरतात, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच याविरुद्ध सूचना दिलेली आहे. फराळ द्यावयाचा तर घरच्या डब्यातून द्यावा, आणि डबा रिकामा परत न पाठविण्याची जुनी रीत पाळावी. त्या रीतीने डबाही टिकतो आणि येणेजाणेही टिकते.

आता प्रत्यक्ष भेटीविषयी. भेट ही प्रेमाची खूण असते खरी, पण ती ऐपतीचे प्रदर्शन होऊ लागली म्हणजे घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यासच जड होते. गोव्यात लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला मुलीच्या माहेराहून सासरी जे पाठविले जाते, त्यास ‘वजे’ म्हणतात. वजे म्हणजे ओझे. फळे, भाजी आणि गोडधोड यांची ती पाटी असावी हा मूळ हेतू. तिचे ओझे वाहणाऱ्याच्या डोक्यावर असावे, मुलीच्या बापाच्या उरावर असू नये. जेथे या पाटीबरोबर महागड्या वस्तूंची अपेक्षा केली जाते, तेथे सण संपल्यावर मागे राहते ते कर्ज, आणि त्या कर्जाला चारांपैकी एकही वाट नसते. म्हणून या बाबतीत पुढाकार घ्यावयाचा तो घेणाऱ्याने, म्हणजे सासरच्या मंडळींनी. ‘फळांची पाटी पुरे, आणखी काही नको,’ हे एक वाक्य सासूने सणाआधी कळविले, तर विहीणबाईंचा किती भार हलका होईल!

संक्रांतीचे वाण हाही असाच एक प्रसंग. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी घरांत हळदीकुंकवाचा समारंभ आजही आवडीने होतो. पंचवीस-तीस सुवासिनींना द्यावयाचे म्हणून स्वस्तात स्वस्त अशी प्लॅस्टिकची डबी किंवा गाळणी घाऊक भावाने आणली जाते; आणि प्रत्येकीच्या घरी तशा दहा वस्तू जमा होतात. त्याऐवजी गुळाची लहान ढेप, वाटीभर तीळ, अंगाचा साबण, सुईदोऱ्याची पुडी, मेथी-कोथिंबिरीचे बी अशी सरणारी वस्तू दिली तर तेवढ्याच पैशांत ती उपयोगी पडते. घराघरांतून वर्षानुवर्षे फिरणारा खण सर्वांच्या परिचयाचा आहे. आला तसाच घडी न मोडता तो पुढे जातो, आणि कधी कधी पहिल्या दातीच्याच ओटीत परत येतो! सुक्या मेव्याच्या शोभिवंत खोक्यांचेही आता तेच होऊ लागले आहे. घेणाऱ्यास काय हवे याचा विचार न करता दिलेली भेट अशी फिरतच राहते. खण देताना तो शिवून नेसण्याजोगा, लांबीस पुरेसा आणि घेणारीच्या आवडीच्या रंगाचा असावा, एवढे पथ्य पाळले तरी गुळेदगुड्डच्या विणकराने घातलेले श्रम सार्थकी लागतील.

काटकसर म्हणजे कंजुषी नव्हे, हेही येथे ध्यानी घ्यावयास हवे. चमकत्या कागदाचे पैसे वाचवून ते कुंभाराच्या पणत्यांना, बुरुडाच्या टोपलीला व विणकराच्या कापडाला द्यावेत, आणि त्यांच्याशी घासाघीस करू नये. घरी काम करणाऱ्या बाईस फिरत आलेले खोके किंवा उतरती साडी देऊन दिवाळी साजरी झाली असे समजू नये. तिला रोख रक्कम अथवा तिच्या मुलांच्या उपयोगाची नवी वस्तू द्यावी. भाऊबीजेला भावाने बहिणीच्या ताटात काय घालावे, हे त्याच्या मिळकतीने ठरावे, शेजारच्या भावाच्या ताटाने ठरू नये. आणि ज्यास पैशांची अडचण असेल त्याने श्रमाची भेट द्यावी. आईच्या जुन्या शिवणयंत्रास तेलपाणी करणे, वृद्ध काकांना आठवडाभर पुस्तक वाचून दाखविणे, भाच्यांसाठी आकाशकंदील बांधून देणे, या भेटींना ना वेष्टन लागते, ना माळ्यावर जागा.

एवढे करूनही काही कचरा उरणारच. तो वेगवेगळा ठेवणे हे शेवटचे काम. इंदूर शहराने या बाबतीत घालून दिलेला धडा सर्वांनी गिरविण्याजोगा आहे. तेथे घरोघरी ओला व सुका कचरा वेगळा घेतला जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू निर्माण करण्याची क्षमता असलेला प्रकल्प सुरू झाला. केळीचे खुंट, फुलांच्या माळा, भाज्यांची देठे या साऱ्यांचे तेथे इंधन होऊ शकते. परंतु त्याच माळेत जर प्लॅस्टिकची झालर गुंफलेली असेल, तर ती माळ ना धड ओली ना धड सुकी ठरते. म्हणून एका वस्तूत दोन जातींचे पदार्थ चिकटविलेले नसावेत, हे खरेदीच्या वेळीच पाहून घ्यावे.

येत्या सणास एखाद्या कुटुंबाने यांपैकी सर्वच गोष्टी एकदम कराव्यात, अशी अपेक्षा नाही. सणाच्या आठ दिवस आधी घरातील लहानथोरांनी एकत्र बसावे. मागील वर्षीचे काय काय माळ्यावर आहे ते खाली काढून पाहावे आणि मगच बाजाराची यादी करावी. यादीतील प्रत्येक जिन्नसापुढे त्याची वाट लिहावी: पोटात, अंगावर, मातीत की फडताळात. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येणार नाही, त्यावर रेघ मारावी. या रेघांतून वाचलेल्या पैशांत फराळाचा आणखी एक घाणा निघेल, आणि तो ज्याच्या घरी यंदा दिवाळी होणार नाही त्याच्याकडे पोहोचविता येईल.